हवेतले सूक्ष्म कण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धूळ, धूर, धुकं, ढग आणि 'एक्यूआय' (हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक) यांबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एका उत्तराचा दुवा दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. एरोसोल म्हणजे नेमकं काय? डिओच्या डब्यावर लिहिलेलं असतं तेच का?

हवा आणि तिच्यात तरंगणारे घन किंवा द्रव कण, या दोघांचं मिश्रण म्हणजे एरोसोल. बोलताना मात्र या विषयातली मंडळीही नुसत्या कणांनाच एरोसोल म्हणतात, आणि इथेही तसंच म्हटलं आहे. डिओचा फवारा हा एरोसोलचा एक प्रकार, म्हणून डब्यावर ते नाव आलं. 'एरोसोलमुळे ओझोनचा थर विरतो' हा गैरसमज तिथूनच आला. नुकसान करत होता तो जुन्या डब्यांमधला फवारा ढकलणारा सीएफसी वायू; त्यात कणांचा दोष नव्हता.

चहाच्या कपावर दिसणारी पांढरी 'वाफ' हेही एरोसोलच. खरी वाफ डोळ्यांना दिसत नाही. दिसतात ते तिचे गार होऊन बनलेले थेंब.

२. पीएम २.५ आणि पीएम १० वेगवेगळे मोजतात, म्हणजे पीएम १० मध्ये २.५ धरलेले नसतात का?

धरलेले असतात. पीएम १० म्हणजे १० मायक्रॉन आणि त्याहून लहान सगळे कण, पीएम २.५ हा त्यातलाच बारीक हिस्सा. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोक्यावरचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो.) म्हणून एखादं यंत्र पीएम १० पेक्षा पीएम २.५ जास्त दाखवत असेल तर यंत्रात गडबड आहे, हवेत नाही.

दोन्ही आकडे शेजारी ठेवले की कण कुठून आले याचा अंदाज येतो. पीएम १० खूप आणि त्यात २.५ चा वाटा थोडा असेल तर रस्त्याची, बांधकामाची किंवा वाळवंटाची धूळ. वाटा निम्म्याहून बराच वर असेल तर धूर आणि वायूंपासून बनलेले कण (प्रश्न ३).

हे आकडे वजनाचे असतात, संख्येचे नाहीत, हेही लक्षात असू द्या. १० मायक्रॉनचा एक कण आणि ०.१ मायक्रॉनचे दहा लाख कण यांचं वजन सारखंच भरतं, घनता तेवढी सारखी हवी. तेव्हा वजन उतरलं म्हणजे कणांची संख्याही उतरली, असं नाही.

३. हे सगळे कण माणसानेच सोडलेले असतात का?

नाही. पृथ्वीभरचा हिशेब वजनावर केला तर समुद्री मीठ आणि वाळवंटी धूळ यांच्यापुढे माणसाचा वाटा लहान आहे. पण हे कण बहुतेक जाडे असतात. बारीक कणांत, आणि माणसं राहतात तिथे, चित्र उलटं होतं.

काही कण जन्मतःच कण असतात: काजळी, राख, सिमेंटची धूळ, परागकण. पण हिवाळ्यातल्या पीएम २.५ चा मोठा हिस्सा धुराड्यातून बाहेर पडताना कण नसतोच, वायू असतो. कोळशातल्या गंधकापासून सल्फर डायऑक्साइड निघतो आणि हवेत त्याचं सल्फेट होतं. वाहनांच्या नायट्रोजन ऑक्साइडपासून नायट्रेट होतं. त्यांना घट्ट धरायला अमोनिया लागतो, आणि तो येतो युरिया टाकलेल्या शेतातून आणि गोठ्यातून. म्हणजे शहरातला धूर आणि खेड्यातलं खत मिळून एक कण तयार होतो, तोही दोन्हींपासून शंभर किलोमीटर लांब. 'आमच्याकडे कारखाना नाही, मग कण कुठून?' याचं उत्तर पुष्कळदा हेच असतं.

४. कण म्हणजे वस्तूच ना? मग खाली का पडत नाहीत?

पडतात, पण आकाराप्रमाणे वेग इतका बदलतो की बारीक कणांचं पडणं न पडल्यासारखंच. हवा अगदी निश्चल धरली तर पाण्याएवढ्या घनतेचा १०० मायक्रॉनचा कण सेकंदाला साधारण २५ सेंटिमीटर उतरतो. १० मायक्रॉनचा कण तासाला सुमारे १० मीटर. १ मायक्रॉनचा कण अख्ख्या दिवसात जेमतेम ३ मीटर, आणि खरी हवा त्याला त्याआधीच कितीतरी वेळा वर उचलून नेते.

म्हणजे सगळ्यात बारीक कण सगळ्यात जास्त टिकत असतील? तसंही नाही. ०.१ मायक्रॉनच्या खालचे कण हवेच्या रेणूंचे धक्के खात इतके भिरभिरतात की काही तासांतच एकमेकांना किंवा मोठ्या कणांना चिकटतात. टिकतात ते मधले, ०.१ ते १ मायक्रॉनचे. ते साधारण आठवडाभर हवेत राहतात आणि तेवढ्यात हजारो किलोमीटर जातात. फुप्फुसात खोल पोचणारे, प्रकाश सर्वांत जास्त विखुरणारे आणि ढगांचं बीज होणारेही मुख्यतः हेच. पुढच्या बहुतेक उत्तरांत हीच मधली मंडळी भेटतील.

५. पाऊस पडल्यावर हवा स्वच्छ होते म्हणतात. मग भुरभुर पावसानंतर आकडा तसाच का राहतो?

पडणारा थेंब जाडी धूळ आपटून गोळा करतो. अतिबारीक कण भिरभिरत येऊन त्याला चिकटतात. मधले कण मात्र थेंबाभोवतून वळणाऱ्या हवेबरोबर वळून निसटतात. म्हणून एका सरीनंतर पीएम १० झपकन उतरतो आणि पीएम २.५ फारसा हलत नाही. वर भुरभुर पावसात दमटपणा वाढतो, उरलेले कण पाणी पिऊन फुगतात आणि दृश्यता आणखी बिघडते.

मधले कण खरे जातात ते ढगातून: ते स्वतःच थेंबाचं बीज होतात आणि थेंबाबरोबर खाली येतात. मुंबई-पुण्याची पावसाळी हवा चांगली असते त्यात दुसराही वाटा आहे. तेव्हा वारा अरबी समुद्रावरून जोरात आणि सतत येत असतो. पाऊस चार दिवस थांबला तरी वारा नैर्ऋत्येचाच असेल तर हवा बरी राहते.

६. कणच नसते तर पाऊस पडला असता का?

आपल्याला माहीत आहे तसा नाही. कणच नसलेल्या हवेत वाफेचे रेणू आपसांत जमून थेंब करू लागायला सापेक्ष आर्द्रता काही शे टक्क्यांपर्यंत, ४०० टक्क्यांच्या आसपास जावी लागते. प्रत्यक्ष ढगात ती १०० च्या वर क्वचितच एखाद्या टक्क्याने चढते. तेवढ्यावर काम भागतं ते कणांमुळे: मीठ किंवा सल्फेटचा कण पाणी ओढून घेतो आणि थेंबाला आयती बैठक देतो.

स्कॉटलंडच्या जॉन एटकिन यांनी १८८० च्या सुमारास हे बाटलीत करून दाखवलं. साध्या हवेत वाफ सोडली की धुकं दाटतं. कापसातून गाळलेल्या हवेत सोडली तर दाटत नाही. हवेतले कण मोजायचं यंत्रही त्यांनीच बनवलं, आणि ०.१ मायक्रॉनच्या खालच्या कणांना आजही त्यांचं नाव आहे.

ढगातला थेंब साधारण २० मायक्रॉनचा, पावसाचा २ मिलिमीटरचा. म्हणजे एका पावसाच्या थेंबासाठी ढगातले दहा लाख थेंब एकत्र यावे लागतात. पुढच्या प्रश्नाची किल्ली याच आकड्यात आहे.

७. मग प्रदूषण जास्त म्हणजे बीजं जास्त, आणि पाऊसही जास्त, असं का होत नाही?

कारण पाणी तेवढंच असतं आणि वाटेकरी वाढतात. स्वच्छ समुद्रावर घन सेंटिमीटरमागे शंभरेक बीजं असतात. प्रदूषित जमिनीवर हजार किंवा त्याहून जास्त. तेवढंच पाणी दहापट थेंबांत वाटलं गेलं की प्रत्येक थेंब लहान राहतो. लहान थेंब एकमेकांवर आपटून मोठे होत नाहीत, आणि ढग न बरसताच पुढे निघून जातो. असा ढग वरून जास्त पांढरा दिसतो आणि ऊन जास्त परतवतो. सत्तरच्या दशकात ढगांचे अभ्यासक शॉन टूमी यांनी हे मांडलं.

याला अपवाद आहेत. बीजं मूठभरच पण जाडी असतील, उदाहरणार्थ समुद्री मिठाचे काही मायक्रॉनचे कण, तर त्यांच्यावरचे थेंब सुरुवातीपासूनच मोठे असतात आणि पाऊस लवकर सुरू होतो. उंच वाढणाऱ्या वादळी ढगात पाऊस खाली अडला तर पाणी वर जाऊन गोठतं आणि ढग आणखी चेकाळतो, असंही एक मत आहे; त्यावर वाद चालू आहे. आपल्याकडे हे मोजायचं काम पुण्याची भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्था करते. ढग जिथे थेट दारात येतात त्या महाबळेश्वरात तिची प्रयोगशाळाच आहे.

८. कृत्रिम पाऊस म्हणजे हेच का? तो खरंच पडतो का?

तत्त्व तेच. कोमट ढगात, म्हणजे शून्य अंशाच्या खाली न गेलेल्या भागात, विमान ढगाच्या तळाशी मिठाच्या नळकांड्या जाळतं. जाडी बीजं पुरवणं हा हेतू. ढगाच्या त्याहून उंच, गोठणबिंदूखालच्या थंड भागात, जिथे पाणी उणे ५ अंशांखालीही द्रवच राहिलेलं असतं, तिथे सिल्व्हर आयोडाइड वापरतात, कारण त्याच्या स्फटिकाची ठेवण बर्फाशी जुळते.

महाराष्ट्रात असे प्रयोग २००३, २०१५ आणि २०१९ मध्ये दुष्काळी भागासाठी झाले. पण दुष्काळात घाईने केलेल्या उड्डाणांतून 'एरवी किती पडला असता?' याचं उत्तर मिळत नाही. ते मिळवायला पुण्याच्या संस्थेने सोलापूर भागात शास्त्रीय प्रयोग केला: काही ढगांत बीजं पेरली, तसेच काही मुद्दाम सोडून दिले आणि दोन्हींची तुलना केली. पेरलेल्या ढगांच्या वाऱ्याच्या दिशेने सुमारे १०० चौरस किलोमीटरवर सरासरी १८ टक्के वाढ दिसली.

अठरा टक्के म्हणजे १० मिलिमीटरचे पावणेबारा. आणि मुळात योग्य ढग हवेत. निरभ्र आकाशातून पाऊस काढता येत नाही, आणि दुष्काळात नेमके ढगच कमी असतात.

९. कोकणात खिडकीचे ग्रील इतक्या लवकर गंजतात. पावसामुळे ना?

पाऊस भागीदार आहे, पण मुख्य काम मिठाच्या कणांचं. लाट फुटली की पाण्यात हवेचे बुडबुडे शिरतात आणि वर येऊन फुटतात. बुडबुड्याची फुटून ठिकऱ्या झालेली कातडी आणि त्याच्या तळातून उसळलेली बारीक धार, दोन्हींचे थेंब वाऱ्यावर जातात. पाणी उडून गेलं की मीठ उरतं. आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळतं. त्यातलं मॅग्नेशियम क्लोराइड तर ३३ टक्क्यांच्या आसपासच ओलं होतं. त्यामुळे किनाऱ्यावरचं लोखंड पाऊस नसतानाही दिवसरात्र खाऱ्या ओलीखाली असतं.

यातून एक उलटी वाटणारी गोष्ट निघते: पाऊस थेट लागतो तो भाग धुतला जातो, आणि छज्जाखालचा, आडोशाचा भाग आधी सडतो. म्हणून गोड्या पाण्याने धुवायचं ते आडोशाचे कोपरे, तेही पावसाळ्यानंतर दर पंधरवड्याला. मीठ न धुता वर रंग लावला तर तो फुगून सुटतो.

१०. एक्यूआय २०० म्हणजे हवेत २०० मायक्रोग्रॅम कण का? आणि दोन ॲप वेगळे आकडे का दाखवतात?

नाही. एक्यूआय हा तक्त्यावरून काढलेला निर्देशांक आहे. भारतीय तक्त्यात पीएम २.५ चे ०–३० मायक्रोग्रॅम म्हणजे ०–५०, ३१–६० म्हणजे ५१–१००, ६१–९० म्हणजे १०१–२००, ९१–१२० म्हणजे २०१–३००, १२१–२५० म्हणजे ३०१–४००, त्यापुढे 'गंभीर'. मधला आकडा प्रमाणात काढायचा. प्रत्येक प्रदूषकाचा उपनिर्देशांक असा काढून त्यातला सर्वांत मोठा तो त्या ठिकाणचा एक्यूआय. सरासरी घेत नाहीत. किमान तीन प्रदूषकांची मोजणी लागते आणि त्यात पीएम २.५ किंवा पीएम १० असावाच लागतो.

परदेशी ॲप बहुधा अमेरिकी तक्ता वापरतात. घन मीटरमागे ३५ मायक्रोग्रॅम पीएम २.५ असलेली हवा भारतीय तक्त्यात ५८, 'समाधानकारक'. अमेरिकी तक्त्यात ९९. हवा तीच. तुलना करायची तर मायक्रोग्रॅमची करा. शिवाय भारतीय आकडा कणांसाठी २४ तासांच्या सरासरीचा असतो, त्यामुळे शेजारी कचरा पेटला तरी तो लगेच उडी मारत नाही.

संदर्भासाठी: पीएम २.५ ची भारतीय मर्यादा दिवसाच्या सरासरीला घन मीटरमागे ६० मायक्रोग्रॅम, वर्षाच्या सरासरीला ४०. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस दिवसाला १५, वर्षाला ५. म्हणजे 'मर्यादेत' हा शब्द कोणाच्या मर्यादेत, ते विचारून घ्यावा.

११. घरचा सेन्सर पहाटे धुक्यात एकदम दुप्पट आकडा दाखवतो. बिघडला का?

बहुधा नाही. तीन-चार हजारांचे सेन्सर कण तोलत नाहीत. लेझरचा किरण किती विखुरला यावरून वजनाचा अंदाज बांधतात. आर्द्रता ८०–८५ टक्क्यांच्या वर गेली की कण पाणी पिऊन फुगतात, जास्त प्रकाश विखुरतात आणि सेन्सर त्या पाण्याचंही वजन धरतो. सरकारी केंद्रावरचं यंत्र आत येणारी हवा तापवून पाणी आधी उडवतं. (त्या उष्णतेत थोडं अमोनियम नायट्रेटही उडून जातं, त्यामुळे तिथे चूक उलट्या बाजूची होऊ शकते.)

सेन्सर वापरायचाच तर फोडणी, न्हाणीघर आणि थेट ऊन यांपासून लांब ठेवा. दोन आठवडे जवळच्या केंद्राच्या तासातासाच्या आकड्यांशी ताडून बघा आणि फरक लिहून ठेवा. आर्द्रता ८५ च्या वर असतानाचे आकडे सोडून द्या. सेन्सरवरचा पीएम १० चा आकडा तर मनावरच घेऊ नका. छोट्या पंख्याने जाडे कण नीट आत खेचलेच जात नाहीत.

१२. मुंबईला समुद्र आहे. तरी हिवाळ्यात हवा का बिघडते?

समुद्र असून उपयोग वाऱ्याच्या दिशेवर. हिवाळ्यात रात्री आणि सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे, तोही मंद वाहतो; समुद्राचा वारा दुपारपर्यंत येत नाही, कधी कधी उशिरा येतो. त्यातच रात्री जमीन गार होते आणि तिच्याजवळची हवा वरच्या हवेपेक्षा थंड पडते. थंड हवा वर जात नाही. पातेल्यावर झाकण ठेवावं तसं होतं, आणि तेवढाच धूर कमी जागेत कोंडतो. पुण्यासारख्या डोंगरांनी वेढलेल्या गावात हे झाकण आणखी घट्ट बसतं. म्हणून हिवाळ्यात पहाटे फिरायला जाण्यापेक्षा दुपार कलल्यावर जाणं बरं, जरी सकाळची हवा गार म्हणून 'शुद्ध' वाटत असली तरी.

समुद्राकडूनही कधी धूळ येते. २३ जानेवारी २०२२ ला पाकिस्तानच्या बाजूने अरबी समुद्रावरून आलेल्या धुळीने मुंबई धूसर झाली आणि गाड्यांवर पांढरट थर बसला. अशा दिवशी पीएम १० एकदम चढतो (प्रश्न २).

१३. धुकं आणि धुरकं, फरक कसा ओळखायचा?

धुकं म्हणजे पाण्याचे थेंब आणि एक किलोमीटरच्या आतली दृश्यता. चष्मा आणि गाडीची काच ओली होते, ऊन वर आलं की ते विरतं. धुरकं म्हणजे कोरड्या कणांनी आलेली धूसरता; ती पिवळट-करडी असते, काच कोरडीच राहते आणि दुपारीही क्षितिज मातकट दिसतं. दोन्ही एकत्र असणं हे आता नेहमीचं; पहाटे धुकं आणि दहानंतर त्याच कणांची धूसरता.

१४. हे कण पृथ्वी गार करतात की तापवतात?

दोन्ही. सल्फेट ऊन परतवतं, काजळी ऊन शोषते. एकूण बेरीज गार करण्याकडे झुकते. आयपीसीसीच्या (हवामान बदलावरच्या आंतरसरकारी गटाच्या) २०२१ च्या अहवालानुसार हरितगृह वायूंनी १ ते २ अंश तापवलं आणि मुख्यतः कणांनी त्यातले ० ते ०.८ अंश झाकले.

याचा सर्वांत स्वच्छ पुरावा निसर्गानेच दिला. १५ जून १९९१ ला फिलिपिन्समधला पिनाटुबो फुटला आणि दीड ते दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड स्थितांबरात, म्हणजे ढगांच्याही वरच्या थरात, गेला. तिथे पाऊस नसतो, म्हणून कण आठवडा नव्हे, एक-दोन वर्षं टिकले आणि जगाचं सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरलं.

१५. मग प्रदूषण कमी केलं तर गरमी वाढेल. तसंच राहू द्यावं का?

हा प्रश्न थट्टेत विचारला जातो, पण त्यातला पहिला भाग खरा आहे. १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा ३.५ वरून ०.५ टक्क्यावर आली आणि जहाजांमागे ढगांत उमटणाऱ्या पांढऱ्या रेघा लक्षणीय घटल्या. झाकलेली उष्णता तेवढी उघडी पडली.

तरी उत्तर 'नाही'. कार्बन डायऑक्साइड शतकानुशतकं साचत जातो, कण आठवड्यात संपतात. म्हणजे झाकण टिकवायला रोज नवा धूर लागेल, आणि तो श्वासातूनच जाणार. शिवाय हे झाकण सगळीकडे सारखं नसतं. १९९९ च्या हिंदी महासागर मोहिमेत उपखंडापासून समुद्रावर पसरलेला तपकिरी थर मोजला गेला. तो जमिनीवर पोचणारं ऊन कमी करतो, आणि मान्सून चालतो तो जमीन समुद्रापेक्षा जास्त तापण्यावर.

१६. एन ९५ मास्क ०.३ मायक्रॉनपर्यंतच अडवतो. त्याहून बारीक कण आरपार जातात ना?

नाही, त्याहून बारीक जास्त चांगले अडतात. गाळणी म्हणजे चाळणी नव्हे. जाडे कण सरळ जाऊन तंतूंवर आपटतात, अतिबारीक भिरभिरत जाऊन चिकटतात, ०.३ च्या आसपासचे दोन्हींतून निसटतात (प्रश्न ५ मधला थेंबाचा किस्सा तोच). म्हणून चाचणी मुद्दाम सर्वांत अवघड आकारावर घेतात: एन ९५ ने ९५ टक्के आणि हेपा गाळणीने (घरच्या प्युरिफायरमध्ये असते ती) ९९.९७ टक्के अडवायचे. मास्क कडेने चेहऱ्याला टेकला नाही तर हे आकडे गाळणीपुरतेच. दाढीवर तो टेकत नाही.

घरातला प्युरिफायर निवडताना खोलीचं घनफळ तासातून पाच वेळा गाळलं जाईल एवढा घ्यावा. १२ बाय १० फुटांची, १० फूट उंचीची खोली म्हणजे ३४ घन मीटर. तासाला १७० घन मीटर स्वच्छ हवा देणारं यंत्र हवं. आणि त्याच खोलीत डासांची कॉइल लावायची नाही. एका कॉइलमधून सिगारेटच्या अनेक पाकिटांएवढे बारीक कण निघतात. कुंडीतल्या झाडांनी पीएम २.५ उतरत नाही, झाडं हौसेने ठेवावीत.

१७. पहिल्या पावसाचा मातीचा वास, त्याचाही याच्याशी संबंध आहे म्हणतात?

आहे. वास देणारा मुख्य पदार्थ जिओस्मिन मातीतले जिवाणू बनवतात. तो नाकापर्यंत कसा पोचतो, हे २०१५ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत वेगवान कॅमेऱ्याने टिपलं. सच्छिद्र मातीवर थेंब आदळला की खाली हवेचे बुडबुडे अडकतात, थेंबातून वर येतात आणि फुटताना बारीक फवारा उडवतात. प्रश्न ९ मधल्या लाटेसारखाच हा प्रकार. हलक्या ते मध्यम सरीत हा फवारा सर्वांत जास्त उडतो. मुसळधार पावसात थेंब इतक्या जोराने आदळतो की बुडबुडे धरायला वेळच मिळत नाही. म्हणून वळवाच्या पहिल्या शिंतोड्यांना जो वास येतो तो नंतरच्या कोसळत्या पावसाला येत नाही.